चौसष्ट नवरदेव आणि एक पिवळी

आमच्या हर्षलचं लग्न जमत नाही, ही गोष्ट अख्ख्या चिखली तालुक्याला माहीत होती. माहीत नसून कशी राहील? मीच सांगत फिरत होते ना! पिठाच्या गिरणीत, एसटीच्या स्टँडवर, कोणाच्या तेरवीला गेले तर तिथंसुद्धा. "आमच्या हर्षलजोगती पोरगी असंन तं सांगजा वो," असं म्हटल्याशिवाय चार वर्षांत मी कोणाच्या घरचा चहा प्यायले नाही.

मी शालू, त्याची वहिनी. पंजाबरावांशी लग्न करून मी या घरात आले तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं आणि हर्षल अकरा वर्षांचा होता. त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, दहावीच्या पेपरला जाताना त्याच्या हातावर दही मी घातलं, तेव्हा त्याच्यावर तोंड सोडायचा हक्क माझाच आहे. एक आधीच सांगून टाकते. मी बोलताना मले-तुले बोलते आणि लिहायला बसले की मला-तुला येतं. शाळेतल्या बाईंनी छडी मारून शिकवलेलं हातातून जात नाही, तोंडात मात्र कधी शिरलं नाही.

तर हर्षल. वय चौतीस. दोघा भावांत मिळून सात एकर, सोयाबीन आणि हरभरा. शिवाय घराच्या मागच्या खोलीत पाणी शुद्ध करायचं मशीन टाकलेलं, थंड पाण्याचे जार भरून चिखलीत लग्नाकार्याला आणि दुकानांना पोचवतो. दारू नाही, खर्रा नाही, मोबाइलवर रमी नाही. दुसऱ्यांच्या लग्नात पाणी पाजून पाजून याच्या डोक्याचे केस विरळ झाले, पण याच्या डोक्याला बाशिंग काही लागेना. आमच्या एका गल्लीत तिशी ओलांडलेली नऊ पोरं बिनलग्नाची बसलीत. पोरीच नाहीत हो! तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लोकांनी काय काय केलं, ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही.

आता वारं फिरलंय. पूर्वी आपण पोरगी पाहायला जायचो आणि तिला चालून दाखव म्हणायचो. आता पोरीकडचे येतात, सोबत पोरगीही येते, घर पाहते, न्हाणीघर पाहते, पोराचं बोलणं ऐकते. मी एकवीस पार्ट्यांना पोहे खाऊ घातले. एकवीस जण ढेकर देऊन म्हणाले, "कळवतो." कळवतो म्हणजे नाही, हे न कळायला मी काही काल जन्मलेली नाही.

आणि त्यातून या हर्षलचे मासे!

हे खूळ लागलं शेगावला. सहा वर्षांपूर्वी आम्ही गुरुवारी दर्शनाला गेलो. लॉजच्या काउंटरजवळ काचेची टाकी होती. आम्ही रांगेत उभं राहून, दर्शन घेऊन, महाप्रसाद जेवून परत आलो, तरी हा बुवा टाकीसमोरच बसलेला. पंजाबराव म्हणाले, "काय बे, महाराज इथंच पावले काय तुले?" त्यानंतर घरात एक टाकी आली, मग तीन आल्या, मग सात. जारसाठी मऊ पाणी घरचंच, त्यामुळे त्याला रान मोकळं. आमच्या बोअरचं पाणी असं जड की तुरीची डाळ शिजता शिजत नाही, बादलीला पांढरी खपली धरते. त्या पाण्यात नाजूक मासे टिकत नाहीत म्हणे. जारचं पाणी तीन भाग आणि बोअरचं एक भाग, असा त्याचा हिशेब.

दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका दुकानातून त्यानं बोटभर मासे आणले. त्यांना म्हणतात अ‍ॅपिस्टो. नर असा देखणा की बघत राहावं, पाठीवर कोंबड्याच्या तुऱ्यासारखे नारिंगी काटे, शेपटीवर ठिपके. मादी मात्र अर्ध्या बोटाची, भुरकट. दुकानदारानं ती फुकट टाकली होती पिशवीत. म्हणाला, हिला कोणी घेत नाही, लोकांना रंगीत नरच लागतात, तुम्हाला पाहिजे तर न्या.

"वहिनी, हे अमेझॉन नदीतले हायेत," हर्षल म्हणाला.

"मंग अमेझॉनवरच परत पाठव," मी म्हटलं.

पण त्या फुकटच्या भुरकटीनं मला गप्प केलं. हर्षलनं शेगावच्या प्रसादाच्या नारळाची करवंटी टाकीत उपडी ठेवली होती, कडेला दार पाडून. मादी त्या करवंटीत शिरली, छताला अंडी चिकटवली आणि दोन दिवसांत पिवळीजर्द झाली. हळदीच! अंगावर काळे ठिपके, डोळ्यात राग, आणि तो मोठा तुरेवाला नर जवळ आला की त्याला असा धक्का मारायची की तो कोपऱ्यात जाऊन उभा. मी टाळीच वाजवली. "पाह्य हर्षल, तुह्या घरात मासोळीले हळद लागली. तुले कधी लागते?" तेव्हापासून तिचं नाव पिवळी.

अंड्यांतून पिल्लं निघाली, आठवड्यानं पोहायला लागली. पिवळी पुढं आणि मागं सुईच्या टोकाएवढ्या पोरांची जत्रा. तिनं पंख झटकला की सगळी पोरं खाली बसायची, गप्प. माझी दोन पोरं अजून माझं एका हाकेत ऐकत नाहीत. हर्षल बाटलीत मिठाचं पाणी करून त्यात बारीक किडे उबवायचा आणि दिवसातून चारदा पोरांना चारायचा. ते पाहून मला वाटायचं, या माणसाला बाप व्हायला पाहिजे होतं एव्हाना.

चौसष्ट पिल्लं जगली. मोठी झाली. आणि चौसष्टच्या चौसष्ट नर निघाले.

एकही मादी नाही! गल्लीत हसून हसून लोकांची पोटं दुखली. पंजाबराव टाकीत वाकून पाहायचे आणि म्हणायचे, "आपल्या गावची ग्रामसभा भरली बापा." हर्षल मात्र हसला नाही. त्यानं मोबाइलवर वाचून वाचून शोधून काढलं. या माशांचं असं असतं की अंडी आणि पिल्लं पहिला महिना-दीड महिना गरम पाण्यात राहिली तर नरच नर होतात, थंड पाण्यात राहिली तर माद्या होतात. ती वीण झाली होती एप्रिलमध्ये, आमच्या टिनाच्या खोलीत. तिथं माणूस उकडून निघतो.

मग त्याचा एकच ध्यास. माद्या पाहिजेत. दुकानात कोणी मादी ठेवत नाही. कलकत्त्याहून मागवलेली पार्सलमध्येच मेली. म्हणजे होती ती एकटी पिवळी, आणि हे मासे जगून जगून दोन-तीन वर्षं जगतात. तिच्यापोटी एक तरी मादी झाली नाही तर सगळं तिथंच संपणार, चौसष्ट नवरदेव मिशीला पीळ देत म्हातारे होणार. पहिल्या थंडीत तिनं अंडी घातली तेव्हा मी आनंदानं गावभर सांगितलं. बाया, पोरं, म्हाताऱ्या, सगळे मोबाइलच्या बॅटऱ्या घेऊन पाहायला आले. एवढ्या उजेडानं पिवळी घाबरली आणि स्वतःची अंडी खाऊन मोकळी झाली. हर्षल रागावला नाही. पण त्या दिवसापासून माशांबद्दल मला काही सांगायचा बंद झाला.

तेच पुढं नडलं.

मागच्या मार्गशीर्षात आमच्याकडे बाविसावी पार्टी यायची ठरली. मध्यस्थ शंकरराव. स्थळ लोणारजवळच्या बीबी गावचं. अर्जुनराव म्हणून शेतकरी, चार पोरी, तीन उजवलेल्या, ही चौथी पुष्पांजली, वय एकतीस, लोणारला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी. शंकरराव मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "शालूबाई, एक सांगू? मागची पार्टी काऊन फिरली मालूम हाय का? पोरगा पसंत होता. बाई म्हने, घर कळकट हाय. बैठकीतल्या टाकीत नालीचं पानी भरून ठुलं."

नालीचं पाणी! माझ्या घरात! मी रात्रंदिवस फरशी पुसते आणि त्या बाईनं मला कळकट म्हणावं? तळपायाची आग मस्तकात गेली. टाकीतलं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं असायचं, कारण हर्षल शाळेच्या आवारातून देशी बदामाची वाळकी पानं आणून त्यात टाकायचा, या माशांना तसंच पाणी मानवतं म्हणे. बैठकीतल्या त्या टाकीला तीन आठवड्यांपासून त्यानं जुन्या साडीचा पडदाही लावला होता. मी विचारलं, तर म्हणे, "पिवळी म्हातारी झाली, तिले आराम पाह्यजे. तुमी हात नका लावू." मला वाटलं, खरंच असेल.

पाहुणे बारा वाजता येणार होते. हर्षल सकाळीच एका लग्नाचे जार पोचवायला चिखलीला गेला. मी पदर खोचला. पडदा काढून टाकला. बादलीतला मग घेतला आणि सगळं तांबडं पाणी उपसलं, कुजकी पानं मुठी मुठीनं काढली, काच पुसली. पिवळी इकडून तिकडं धावत होती, माझ्या बोटाला डसतही होती. मी म्हटलं, थांब ना बाई, तुझंच घर चकचकीत करते. तळाशी चार बोटं पाण्यात तिला ठेवली आणि वरून बोअरचं ताजं, काचेसारखं पाणी सोडलं. टाकी अशी लख्ख दिसायला लागली की मीच दोनदा मागं सरून पाहिली.

हर्षल आला तो पाहुण्यांच्या गाडीमागूनच. राम राम झालं, मी पाण्याचे गिलास आणले. हर्षल आत पाऊल टाकून थांबला. टाकीकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. तो टाकीजवळ गेला, वाकला, काचेला हात लावला. पिवळी कोपऱ्यात, पुन्हा भुरकट झालेली, श्वास जोरानं चाललेला. मग तो येऊन खुर्चीवर बसला.

शंकररावांनी नेहमीचं सुरू केलं, शेती किती, भाऊ किती. हर्षल हो-नाही एवढंच. बावीस पार्ट्यांत याहून वाईट तोंड करून तो बसला नव्हता. अर्जुनराव, पांढरी टोपी, कमी बोलणारा माणूस, पोह्याच्या प्लेटीत चमचा फिरवत होते. शेवटी पुष्पांजलीनंच विचारलं. साधी पोरगी, केसांना रबर, डोळे मात्र सगळीकडे फिरणारे.

"घरी काही झालं काय? तुमचं ध्यान नाही इथं."

शंकरराव म्हणाले, "नाई नाई, ते थोडे लाजतात."

"लाजत नाई," हर्षल म्हणाला. "त्या टाकीत सकाळपर्यंत पन्नास-साठ पिल्लं होते. आता नाईत."

मी चहाची ताटली तिथंच खाली ठेवली. पिल्लं! मी कुठं पाहिली पिल्लं? पानांच्या रंगाची, तळाला चिकटलेली, सुईच्या टोकाएवढी. मी मुठी भरभरून काढली ती नुसती पानं नव्हती. मी डोळ्याला पदर लावला आणि बोलून टाकलं, "म्या केलं. मीच धुतली टाकी. तुमाले घर कळकट वाटू नये म्हनून. मले काय माहीत होतं वो!"

"वहिनीचा दोष नाई," हर्षल म्हणाला. "म्याच सांगतलं नोतं त्याईले."

शंकररावांनी कपाळाला हात लावला. पुष्पांजलीनं माझ्याकडे पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

"काकू, ते पानी कुठी टाकलं?"

पाणी टाकलं? आमच्याकडे नळ दहा दिवसांनी येतो. आमच्याकडे पाणी कोणी टाकत नाही. तांदूळ धुतलेलं गाईला, भाजी धुतलेलं वांग्यांना, फरशी पुसलेलं केळीला. लग्न होऊन आल्यापासून मी पाणी फेकलं असेल तर ते फक्त पंजाबरावांच्या अंगावर, रंगपंचमीला.

"टिपाडात," मी म्हटलं. "मागं. वांग्याले घालाले ठुलं."

खुर्च्या मागं सरकल्या त्या आवाजानं गाय उठून उभी राहिली. मागच्या अंगणात सावलीत निळं टिपाड, त्यात अर्ध्यावर तांबडं पाणी आणि वर तरंगणारी माझी ती कुजकी पानं. हर्षलनं बॅटरी मारली. आम्ही पाच-सहा डोकी टिपाडावर वाकलो. काही दिसेना. मग एक पान हललं आणि त्याखालून बारीक ठिपक्यांची रांग निघाली.

"हायेत!" पुष्पांजली ओरडली. "अवो, जित्ते हायेत! पानी त्याईचंच हाय ना!"

मी मोठ्यांदा रडले. लाज वाटली नाही.

आता त्यांना काढायचं कसं? जाळीनं चेंगरतात. पुष्पांजलीनं आत जाऊन पोह्यांचे चमचे आणले आणि सगळ्यांच्या हातात एकेक दिला. तुम्ही कधी पाहण्याच्या कार्यक्रमात असं पाहिलंय का? नवरदेव, नवरी, नवरीचा बाप, मध्यस्थ आणि आमचे पंजाबराव, सगळे टिपाडाभोवती उकिडवे बसून चमच्यानं मासे धरतायत. शंकररावांचा चष्मा टिपाडात पडला. हर्षलनं जारचं पाणी मापानं मिसळून आणलं. पुष्पांजलीचा हात सगळ्यांत स्थिर, लॅबची सवय. एक पिल्लू, एक चमचा, वाटीत. "सोळा. सतरा. बाबा, हात कापू देऊ नका."

काम करता करता पंजाबरावांनी आतल्या टाक्यांतल्या चौसष्ट माशांची गोष्ट काढली, तेव्हा तिनं विचारलं, "चौसष्ट आहेत ना तुमच्याकडं, मग याईच्यासाठी इतका जीव काऊन टाकता?"

हर्षलला माशांवर बोलायला सांगितलं की तो लाजत नाही. त्यानं सगळं सांगितलं, उन्हाळ्याचे नर, दुकानातून न मिळणारी मादी, दीड महिना चोवीस डिग्रीवर ठेवायचं पाणी, म्हातारी होत आलेली पिवळी. "याईच्यात माद्या असतीन, म्हनून. लोकं म्हनतात, रंगीत नर सोडून भुरकट मादीसाठी कायले मरतं? पन ते नसली तं मंग काय हाय?"

पुष्पांजलीचा चमचा थांबला. मग ती हसत हसतच म्हणाली, "आमच्या घरी मी चौथी. तीन पोरींच्या पाठीवरची. आजीनं पेढ्याची ऑर्डर देऊन ठेवली होती, मी झाले म्हनून ती वापस केली. माय अजून सांगते." आणि पुन्हा मोजायला लागली, "एकवीस."

तिनं ते सहज सांगितलं, पण अर्जुनराव तिथंच बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. चमच्यातलं पिल्लू मात्र त्यांनी फार जपून वाटीत सोडलं.

त्रेचाळीस सापडली. टाकीतलं बोअरचं पाणी काढून हर्षलनं जारचं आणि टिपाडातलं मिळून भरलं, पानं परत टाकली, करवंटी जागेवर ठेवली. जे पाणी मी नालीचं म्हणून उपसलं होतं, तेच आता गाळून गाळून घालत होते. मग तो म्हणाला, "आता पिवळीच्या हातात हाय. तिनं वळखलं तं ठीक. नाई तं खाऊन टाकीन."

वाटी टाकीत कलती केली. पिल्लं बाहेर पडली आणि तळाला बसली. पिवळी कोपऱ्यातून हलेना. चहा थंड झाला, कोणाला शुद्ध नव्हती. मग ती हळूच पुढं आली. एका पिल्लाजवळ थांबली, डोळा फिरवला आणि गप्पकन तोंडात घेतलं.

"खाल्लं वो मेलीनं!" मी ओरडले.

पिवळी वळली, करवंटीच्या दारापाशी गेली आणि ते पिल्लू आत थुंकली. धडधाकट. मग दुसरं उचललं, मग तिसरं. एकेकाला उचलून घरात नेऊन ठेवत होती आणि पाहता पाहता तिच्या अंगावर पिवळा रंग चढत चालला होता. पंजाबरावांनी नाक शिंकरलं आणि सर्दी झाली म्हणाले. अर्जुनराव टाकीसमोर बसून होते ते उठेचनात. शेवटी शंकररावांनीच गाडीची आठवण करून दिली.

निघताना अर्जुनराव हात जोडून म्हणाले, "कळवतो."

बाविसावं! मी दारात उभी राहून गाडीची धूळ पाहिली आणि आत आले. "हर्षल, चुकलं रे माह्यं," मी म्हटलं. "मासे बी घालवत होते अन् पोरगी बी." तो हसला. म्हणाला, "वहिनी, तुमी पानी फेकलं असतं तं काईच उरलं नसतं. अन् पुढच्या वेळी अंडे झाले का तुमालेच पयले सांगन. पन गावात नका सांगू." मी सटवाईची शपथ घेतली.

कळवतो म्हटल्यावर कोणी कळवत नाही, तसं अर्जुनरावांनीही काही कळवलं नाही. पण पुढच्या रविवारी माझ्या मोबाइलवर पुष्पांजलीचा फोन. "काकू, किती राह्यले?" मी म्हटलं, "एक्केचाळीस." "बरं," म्हणाली आणि ठेवला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. मी चिडवलं, "अवो, त्याचा नंबर देऊ काय? मले काय सांगता येते माशातलं?" म्हणे, "नको, तुमीच सांगा. माद्या किती ते कधी कळते?" हर्षल शेजारी कान देऊन उभा असायचा, अडीच महिने लागतीन म्हणून बोटांनी खुणा करायचा. मी दोघांच्या मधली तारवाली झाले होते. बीबीहून बाप काही बोलेना आणि ही रविवार चुकवेना. अर्थ काय लावायचा माणसानं?

होळी झाली आणि एक दिवस हर्षलनं मला टाकीजवळ बोलावलं. पहिल्यांदा मला. एकोणचाळीस मासे, बोटाच्या पेराएवढे. त्यानं एकेक दाखवलं, हा नर, पाठीचे काटे वर निघाले, ही मादी, ही मादी, ही मादी. मी दोनदा मोजलं. बारा नर. सत्तावीस माद्या. भुरकट, बुटक्या, कोणी फुकटही नेणार नाही अशा सत्तावीस पोरी! पिवळी करवंटीच्या दारात बसून पाहत होती. मी त्या टाकीवरून मीठ-मोहरी उतरवली, पाण्यात पडू न देता.

हर्षल गाडी काढून चिखलीला गेला. दोन किलो पेढे घेऊन आला. आमच्याकडे पोरगा झाला तर पेढे आणि पोरगी झाली तर जिलेबी, आणि तीही मन असेल तर. मी म्हटलं, "अरे, पोरी झाल्या ना?" तो म्हणाला, "म्हनूनच." एक किलो त्यानं गल्लीत वाटले, लोकांनी डोक्यावर परिणाम झाला म्हणून खाल्ले. दुसऱ्या किलोच्या डब्यावर चिठ्ठी लिहिली आणि बीबीकडे जाणाऱ्या जीपवाल्याच्या हाती दिला. मी चिठ्ठी वाचलीच. लिहिलं होतं, "सत्तावीस पोरी झाल्या. हर्षल."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. रविवार नव्हता. पुष्पांजली होती आणि रडत होती. मी घाबरले. "काय झालं वो बाई? सांग तं खरं."

"काकू," ती म्हणाली, "डबा बाबाईच्या हातात पडला. त्याईनं चिठ्ठी वाचली. मंग टोपी घातली अन् डबा घेऊन बाहेर निंघाले. मायले वाटलं, वापस कराले चालले. काकू, ते घरोघरी फिरून राह्यले. लोकं पुसतात, कायचे पेढे? तं म्हनतात, घ्या, पोरगी झाली. कोनाले? तं म्हनतात, मले. एकतीस वर्षं झाले, वाटाचे राहून गेलते."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. ती तिकडं रडत होती, मी इकडं. माझ्या डोळ्यांसमोर तो टोपीवाला माणूस, एका दारातून दुसऱ्या दारात, हातात आमचा डबा.

तेवढ्यात फोनवर तिच्या बापाचाच आवाज आला, धाप लागलेला. "शालूबाई, पेढे कमी पडले. वरची आळी राह्यली. हर्षलरावाले म्हना, अजून दोन किलो घेऊन या. अन् पंजाबरावाईले सोबत आना, तारखीचं बोलून घेऊ. कळवतो म्हनलो होतो ना, तं कळवून राह्यलो."

हर्षल बैठकीत टाकीचं पाणी बदलत होता, बादलीत तांबडं पाणी उपसून. मी दारातूनच ओरडून सांगितलं. तो पाण्याचा मग हातात धरून तसाच उभा राहिला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. मग बादली उचलली, एखादं पिल्लू राहिलं का ते उजेडाला धरून पाहिलं, मागं जाऊन सगळं पाणी टिपाडात ओतलं आणि मग गाडीची किल्ली मागायला माझ्याकडे आला.